संग्रहालयाचा संसार

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे, तलवारी, मूर्ती, नाणी आणि त्यांच्यापुढून रांगेने जाणारी शाळकरी मुले उभी राहतात. परंतु हा झाला संग्रहालयाचा दिवाणखाना. ज्या घराचा दिवाणखाना आपण पाहतो त्या घरात स्वयंपाकघर असते, कोठीघर असते, माळा असतो; आणि घर चालते ते दिवाणखान्याच्या जोरावर नव्हे, कोठीघराच्या जोरावर चालते. संग्रहालयाचेही तसेच आहे. त्या कोठीघराविषयी, म्हणजे लोकांपुढे न मांडलेल्या वस्तूंच्या सांभाळाविषयी, आणि तो सांभाळ आपल्या ऐपतीत राहून पिढ्यान्‌पिढ्या कसा चालावा याविषयी, आज चार शब्द सांगावे असा माझा विचार आहे.

मी पुराणवस्तूंचा पंडित नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून शिक्षकी पेशात शिरलेला व आता निवृत्त झालेला मी एक साधा शाळामास्तर आहे. मग या विषयावर बोलण्याचा तुम्हांस अधिकार कोणता, असे कोणी विचारील, तर त्यास माझे उत्तर एवढेच की, माझ्या हातून एक लहानसा संग्रह नाश पावला आहे. ज्याच्या हातून भांडे फुटले त्याने भांडे कसे धरावे हे सांगितले, तर ते अगदीच वावगे होणार नाही.

ज्या शाळेत माझी बरीच वर्षे गेली तिचे नाव मी सांगत नाही. कारण दोष शाळेचा नव्हता, माझा होता. तेथे वर्गाच्या मागल्या भिंतीस लागून एक लाकडी कपाट होते. मुले सुटीत आपापल्या गावी जात व येताना काही ना काही आणीत. कोणी पैठणच्या गोदाकाठचे खापर आणी, कोणी शेतात सापडलेला मणी, कोणी आजीच्या घरचे धान्य मोजण्याचे जुने माप. मी ते सारे कौतुकाने ठेवून घेई, त्यावर आकडा घाली, आणि कोणती वस्तू कोठून आली हे एका वहीत लिही. वही कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात असे. एका पावसाळ्यानंतर तो कोपरा उघडून पाहतो तो वाळवीने वहीचे पुठ्ठेच तेवढे शिल्लक ठेवले होते. वस्तू सर्व जागच्या जागी होत्या, त्यांवर आकडेही होते. परंतु आकड्यांचा अर्थ सांगणारी वही नव्हती. पुन्हा आठवून लिहू, असे मी मनाशी म्हटले, आणि ते लिहिण्याचे राहून गेले. पुढे मी निवृत्त झालो. शाळेस रंग देण्याचे निघाले तेव्हा कपाट रिकामे करावे लागले. नव्या शिक्षकांनी पाहिले, तो आत काही फुटकी खापरे, काही मणी, एक गंजलेले माप. त्यांनी ती बाहेर टाकविली. मी त्यांस बोल लावीत नाही. ज्या खापराचे गाव हरवले ते खापर आणि रस्त्यावरचे खापर यांत फरक तो काय उरला?

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात ठसली आहे. वस्तू नष्ट होण्यास आग लागावी, पूर यावा, असे काही मोठे संकट कोसळावे लागत नाही. रोजची लहानशी दक्षता थांबली की पुरे. आणि उलट, जी दक्षता रोज परवडते तीच शंभर वर्षे टिकते. जी एकदाच मोठा खर्च करून विकत घेतली ती बहुधा टिकत नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. आता त्याचा थोडा विस्तार करतो.

प्रथम या कोठीघराचा पसारा किती असतो ते पाहू. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांनी सन १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. बालपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले, आणि पुढे तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दौती, कोरीव दरवाजे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू तेथे आहेत. पण एका वेळी मांडलेल्या असतात त्या त्यांचा लहानसा अंश. हे काही त्या एका संग्रहालयाचेच वैशिष्ट्य नव्हे. जगातील बहुतेक संग्रहालयांची हीच स्थिती आहे. सन २०११ मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या जतनाचे कार्य करणाऱ्या रोम येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोच्या सहकार्याने अनेक देशांतील संग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा शंभरातील सुमारे साठ ठिकाणी कोठीतील वस्तू धोक्यात असल्याचे आढळले. जागा अपुरी, याद्या अपुऱ्या, माणसे अपुरी, ही त्याची कारणे. म्हणजे आपण दिवाणखान्यात उभे राहून वाहवा करीत असतो तेव्हा आत कोठीत काय चालले आहे, याची चौकशी बहुधा कोणी करीत नाही.

वस्तूचे शत्रू कोणते? ऊन, ओल, कीड, धूळ, आग आणि माणसाचा हात. यांपैकी ओलीची गोष्ट जरा समजावून घेण्यासारखी आहे. कारण आपल्या मराठवाड्यात तिचे स्वरूप मोठे विलक्षण असते. वैशाखात दुपारी हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. श्रावणात तीच ऐंशींच्या वर जाते. लाकूड, कागद, कापड, चामडे, हस्तिदंत या वस्तू हवेतील ओल पितात व फुगतात, ओल सोडतात व आक्रसतात. दाराची चौकट पावसाळ्यात घट्ट बसते व उन्हाळ्यात सैल होते, हे आपण घरोघर पाहतो. चौकटीस त्याचे काही वाटत नाही. परंतु लाकडावर रंगाचा थर असेल, तर लाकूड हलते आणि रंग हलत नाही, म्हणून रंगाचे पोपडे सुटतात. आर्द्रता सत्तरीजवळ जाऊन बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. तेव्हा वस्तूस मारते ते केवळ ऊन नव्हे, केवळ ओलही नव्हे. तिला खरा जाच होतो तो या वरखाली होण्याचा.

याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच प्रांती आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण व तगर या दोन बाजारपेठांची नावे येतात, आणि येथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई असे तो ग्रंथ सांगतो. या तेरच्या मातीतून निघालेल्या असंख्य वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे उभे आहे. त्या वस्तूंत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही तशाच धर्तीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. आणि या दोहोंची जणू बहीण शोभावी अशी एक मूर्ती सन १९३८ मध्ये इटलीत पाँपेई या नगरीच्या अवशेषांत सापडली. ती नगरी इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली होती.

आता विचार करा. हस्तिदंत हा अतिशय नाजूक पदार्थ. तो दोन हजार वर्षे कोणी जपला? कोणत्या यंत्राने, कोणत्या पहारेकऱ्याने? मातीने जपला. मातीच्या पोटात उन्हाळा-पावसाळा फारसा पोहोचत नाही. तेथे प्रकाश नाही, वारा नाही, रोज कोणी हाताळीत नाही. तेथे होते ते स्थैर्य. वस्तू वर काढताच आपण ते स्थैर्य मोडतो. आणि ज्या क्षणी ते मोडतो त्या क्षणापासून तिच्या आयुष्याची जबाबदारी मातीकडून आपल्याकडे येते.

हे स्थैर्य यंत्राने मिळवावे, अशी कल्पना निघाली तिचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे विमानहल्ल्यांपासून वाचविण्याकरिता सन १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेविली. तेथे उष्णमान सुमारे १७ अंश व आर्द्रता सुमारे ४२ टक्के अशी कायम राखली होती. लंडनमध्ये ज्या चित्रांचे पोपडे वारंवार बसवावे लागत, त्यांस खाणीत तो त्रास जवळजवळ उरला नाही. आणि युद्ध संपून ती परत गेली तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. यावरून स्थिर हवेचे महत्त्व सर्वांस पटले. मोठमोठ्या संग्रहालयांनी वातानुकूलनाची यंत्रे बसविली, आणि पुढे अशी एक समजूत रूढ झाली की, उष्णमान २० अंशांच्या आसपास व आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास रात्रंदिवस राखली पाहिजे, नाही तर ते संग्रहालयच नव्हे.

थंड देशात जन्मलेला हा नियम उष्ण देशांनीही शिरोधार्य मानला. परंतु विजेच्या खर्चाचा बोजा पाहून आता त्या थंड देशांतील शहाण्यांचेही मत बदलले आहे. सन २०१४ मध्ये जतनशास्त्रज्ञांच्या दोन जागतिक संघटनांनी एकत्र जाहीर केले की, एकच आकडा सर्व जगास लावू नये; स्थानिक हवामान, इमारत व वस्तूचा पूर्वेतिहास पाहून मर्यादा ठरवाव्यात. मोठ्या संग्रहालयांच्या चालकांनीही बहुतेक वस्तूंकरिता ४० ते ६० टक्के आर्द्रता व १६ ते २५ अंश उष्णमान एवढी मोकळीक मान्य केली आहे. जी पेटी शंभर वर्षे एखाद्या वाड्याच्या माडीवर राहिली तिला त्या माडीच्या हवेची सवय झालेली असते. तिला एकदम विलायती हवा लावणे म्हणजे भाकरीवर वाढलेल्या माणसास एका दिवसात पथ्याच्या खोलीत कोंडण्यासारखे आहे.

शिवाय यंत्राचा एक धोका आपल्याकडे विशेष आहे. सकाळी कचेरी उघडते तेव्हा यंत्र सुरू होते, सायंकाळी दार बंद होते तेव्हा यंत्रही बंद होते. मध्ये वीज गेली तर तेवढा वेळ ते बंदच. म्हणजे वस्तूस दिवसा हिवाळा व रात्री उन्हाळा! जो चढउतार निसर्गात सहा महिन्यांनी यावयाचा तो आपण चोवीस तासांत आणतो. असे अर्धवट चालणारे यंत्र असण्यापेक्षा नसलेले बरे. आणि यंत्र नीट तपासले नाही तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझील देशातील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंचा तो संग्रह. त्याचा फार मोठा भाग एका रात्रीत गेला. आगीचा उगम सभागृहातील वातानुकूलन यंत्रात झाला, असे तेथील पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले. तेथेही वर्षानुवर्षे देखभालीस पैसा पुरेसा मिळत नव्हता. यंत्र घेण्यास पैसा असतो. ते नीट ठेवण्यास नसतो. ही तक्रार आपल्यालाही अपरिचित नाही.

मग करावे काय? पहिला आधार इमारतीचा. आपल्या शहरातील सोनेरी महाल पाहा. मोगलकाळात बुंदेलखंडाच्या एका सरदाराने तो बांधला. आज तेथे राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. दगडचुन्याची अशी इमारत दुपारचे ऊन एकदम आत घेत नाही आणि रात्रीचा गारवा एकदम सोडीत नाही. जाड भिंत हे न बिघडणारे यंत्र आहे. डेन्मार्कमध्ये वेल या गावी अनेक संग्रहालयांनी मिळून एक सामाईक कोठार बांधले. त्याच्या भिंती व छप्पर उष्णतारोधक द्रव्याने जाड भरले आहेत. जमीन मात्र मुद्दाम तशी न भरता मोकळी ठेविली आहे, अशासाठी की, भूमीच्या पोटातील संथपणा वर यावा. तेथे खोल्या तापवीत नाहीत. हवेतील जादा ओल तेवढी काढून घेतात, आणि खर्च अगदी थोडा येतो. तेरच्या मातीने हस्तिदंतास जे दिले तेच या लोकांनी हिशेबाने मिळविले, असे म्हणता येईल.

ज्या संग्रहालयास नवी इमारत बांधणे शक्य नाही त्याने छप्पर गळते काय ते मृगापूर्वी पाहावे, पन्हळी साफ कराव्या, उन्हाळ्यात दुपारी खिडक्या मिटाव्या व पहाटे उघडाव्या, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे व जमिनीपासून वर ठेवावी, आणि वस्तू पेटीत व पेटी कपाटात अशी ठेवावी. प्रत्येक आवरण म्हणजे एक लहानशी भिंतच असते. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. पुण्यास पेशवे दप्तरातील मोडी कागद हजारो रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. दप्तराचा रुमाल धूळ अडवितो, उजेड अडवितो, आणि ओल एकदम आत शिरू देत नाही. वर पुन्हा धुता येतो. सरदेसाई यांनी सन १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून पंचेचाळीस खंड निवडून छापले; ते कागद तोवर वाचण्याजोगे राहिले याचे काही श्रेय त्या साध्या कापडासही दिले पाहिजे.

दिव्यांचेही असेच आहे. उजेडाने झालेली हानी साठत जाते. रात्री दिवा मालवला म्हणून ती भरून येत नाही. याकरिता जुने कागद व वस्त्रे यांवर पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये असा संकेत आहे. आपल्या वाचनाच्या दिव्याहून हा पुष्कळच मंद असतो. हल्लीचे एलईडी दिवे उष्णता कमी देतात व वीजही कमी खातात. येथे वस्तूचे हित आणि खर्चाची बचत या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालतात. ज्या खोलीत पाहणारा कोणी नाही तेथे दिवा जळू नये, हा नियम तर आपल्या घरातील कोणीही वडीलधारे माणूस सांगील.

दुसरा आधार संयमाचा. जे उलटविता येत नाही ते करू नये. याचा धडा आपल्या अजिंठ्याने दिला आहे. सन १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी यांस व त्यांच्या सहकाऱ्यास इटलीहून बोलावून लेण्यांतील चित्रांचे रक्षण करविले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला. त्या कामाने पुष्कळ चित्रे वाचली, हे कबूल केले पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही दिले. तेव्हा रंग उजळले. पुढे ते रोगण पिवळे पडले, तडकले, आणि धूळ धरून काळवंडले. ते काढण्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांस दशकानुदशके खपावे लागले. त्या इटालियन कारागिरांची निष्ठा खोटी नव्हती; त्या काळचे ज्ञान तेवढे होते. म्हणूनच आपले आजचे ज्ञानही शेवटचे नाही, हे स्मरून वागावे. वस्तूस आज जे लावाल ते उद्या काढता आले पाहिजे. किडीसाठी पूर्वी सोमलासारखी विषे सर्रास वापरीत. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांत ते विष अजून असते व हाताळणाऱ्यास बाधते. कडुनिंबाचा पाला व वेखंडाच्या पुरचुंड्या आपल्या आज्या पोथ्यांत ठेवीत, त्या निरुपद्रवी खऱ्या. परंतु त्यांचा खरा गुण असा की, पाला बदलण्यासाठी वर्षातून एकदा तरी पोथी उघडली जाई, आणि कीड लागली असल्यास तेव्हाच दिसे.

तिसरा आधार यादीचा. आणि येथे मला आमच्या बजाजनगराची गोष्ट सांगावयाची आहे. आमची वस्ती वाळूजच्या कारखान्यांच्या कुशीत आहे. माझा एक जुना विद्यार्थी तेथे एका कारखान्यात भांडारपाल आहे. शाळेच्या कपाटाची हकीकत मी त्यास सांगितली तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडे खिळासुद्धा पत्त्याशिवाय राहत नाही.” मग त्याने मला सर्व पद्धत समजावून दिली. प्रत्येक फडताळास अक्षर, प्रत्येक फळीस आकडा, प्रत्येक खणावर एक पत्र, ज्यास ते लोक बिन कार्ड म्हणतात. त्यावर काय आले, काय गेले, किती उरले, कोणी नेले. वर्षातून एकदा मोजदाद. यादीची एक प्रत भांडारात, दुसरी कचेरीत. “माल शोधण्यात वेळ गेला तर तो खर्चच की,” असे तो सहज बोलून गेला, आणि मी मनात खजील झालो. ज्या खिळ्यासारखे लक्ष खिळे उद्या बाजारात मिळतील त्यास पत्ता आहे. आणि ज्या मण्यासारखा दुसरा मणी जगात मिळावयाचा नाही तो माझ्या हाती बेवारस होऊन गेला.

संग्रहालयाच्या कोठीत याहून निराळे काही करावयाचे नसते. प्रत्येक वस्तूस एक आकडा, प्रत्येक जागेस एक नाव, आणि दोहोंची गाठ घालणारी नोंद. ती वस्तू कोठून, कधी, कोणाकडून आली हेही त्यातच. जी वस्तू हवी तेव्हा सापडत नाही ती असून नसल्यासारखी आहे. आणि शोधाशोधीत दहा वस्तू हाताळल्या जातात त्यांची झीज निराळीच. उपर्युक्त रोमच्या संस्थेने लहान संग्रहालयांसाठी कोठीची फेररचना करण्याची जी पद्धत घालून दिली आहे, तिचाही भर महाग सामग्रीवर नसून असलेल्या जागेची व नोंदींची शिस्त लावण्यावर आहे. आपल्या देशात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांच्या नोंदीसाठी संगणकाची एक प्रणाली तयार केली आहे. तिचे नावच मुळी ‘जतन’ असे आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. तथापि संगणक हेदेखील एक यंत्रच आहे. त्याचीही देखभाल लागते, तोही जुना होतो. म्हणून एक प्रत संगणकात, एक चांगल्या कागदावर, आणि त्या दोन्ही एकाच छपराखाली नसाव्या. माझी वही जर दोन प्रतींत असती तर आज मला हे भाषण करावे लागले नसते.

चौथी गोष्ट बोलण्यास अवघड आहे. ती म्हणजे ‘नको’ म्हणण्याची. संग्राहकाचा हात घेण्यास सदैव पुढे असतो. कोणी श्रद्धेने वस्तू आणून दिली तर नाही म्हणवत नाही. परंतु प्रत्येक वस्तूबरोबर तिचा कायमचा खर्च घरात येतो. जागा, पेटी, नोंद, तपासणी, हे सर्व आले. आमच्या बजाजनगरात मराठवाड्याच्या गावोगावची कुटुंबे येऊन राहिली आहेत. येताना कोणी जाते आणले, कोणी पितळी घागर, कोणी आजोबांची बंडीची चाके. दोन खोल्यांच्या घरात ती मावत नाहीत, म्हणून गच्चीवर पावसात पडतात. प्रेमाने आणलेली वस्तू प्रेमाअभावी नव्हे, जागेअभावी कुजते. संग्रहालयानेही आपण काय जमविणार हे आधी ठरवावे, आणि जे आपल्या कक्षेबाहेरचे ते योग्य त्या दुसऱ्या संग्रहालयाकडे पाठवावे. मला तर असे वाटते की, तेर, पैठण, आमचे शहर अशा ठिकाणी प्रत्येकाने निरनिराळी अपुरी कोठी राखण्यापेक्षा मराठवाड्याच्या संग्रहांसाठी एक सामाईक, जाड भिंतींचे, कमी विजेवर चालणारे कोठार व्हावे. वस्तूंवर हक्क ज्याचा त्याचा, दिवाणखाना ज्याच्या त्याच्या गावी, पण कोठीघर एक. डेन्मार्कच्या लोकांस जे साधले ते आपल्यास का साधू नये?

आता शेवटी, श्रोतेहो, आपल्या घरच्या संग्रहालयाविषयी. प्रत्येक घरात एक तरी पेटी असते. तीत वाडवडिलांचे कागद, छायाचित्रे, एखादी पैठणी, एखादी पोथी असते. त्या कागदांवर प्लास्टिकचे आवरण तापवून चिकटवू नका. ते पुन्हा निघत नाही. चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ओल आत अडकवू नका; धुतलेल्या सुती कापडात बांधा. छायाचित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, त्यातील माणसांची नावे आजच लिहा. कारण ती नावे सांगणारे घरातील वृद्ध माणूस हीच तुमची वही आहे, आणि तिची दुसरी प्रत नाही. आणि दोन दिवस ठरवून ठेवा. पावसापूर्वी एक, ज्येष्ठ लागण्याच्या सुमारास, छप्पर व भिंत पाहण्याचा. आणि पावसानंतर एक. खंडेनवमीस आपण शस्त्रे व हत्यारे काढून पुसतो व पूजतो. त्याच दिवशी ही पेटीही काढावी, उघडावी, झटकावी, यादीशी ताडून पुन्हा बांधावी. पूजेचा खरा अर्थ हाच नव्हे काय?

माझ्या त्या कपाटातील एकच खापर आज माझ्यापाशी आहे. टाकविण्याच्या ढिगातून एका जुन्या विद्यार्थ्याने ते उचलून मला आणून दिले. तो आता चांगला कर्ता गृहस्थ आहे. पण ते खापर त्याने स्वतः सातवीत असताना पैठणहून आणले होते, म्हणून त्यास त्याची ओळख पटली. मी त्याच्या तोंडून गाव, जागा, वर्ष असे सर्व विचारून घेतले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक खापराबरोबर कापडात बांधली आणि दुसरी त्याच्या घरी ठेवावयास दिली. बाकीच्या वस्तूंचे गाव मला आता कोणी सांगणार नाही. या एका खापराचे मात्र माझ्यामागेही कोणास सांगता येईल.